सॉफ्टवेअर कोणतंही घे, पण...

तर बाई, लॅपटॉप आला एकदाचा. आता अरेंजमेंटसाठी सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, असं विचारतेस. सांगते, पण आधी एक मनात पक्कं कर. आज जे घेशील ते आणखी दहा वर्षांनी असेलच असं नाही. तुझं काम मात्र असायला हवं.

घाबरवत नाहीये गं. फिनाले बघ. स्वरलेखनाचं जगभर चालणारं सॉफ्टवेअर, 35 वर्षं टिकलं, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं की आता ते बंद. ज्यांची आयुष्यभराची कामं त्यात होती त्यांना सांगितलं, डोरिकोकडे जा. हे डोरिको तरी कसं जन्मलं? 2012 मध्ये सिबेलियस या दुसऱ्या स्वरलेखन सॉफ्टवेअरचं लंडनचं ऑफिस मालक कंपनीनं बंद केलं, तिथली माणसं स्टाइनबर्गकडे गेली आणि 2016 ला डोरिको बाजारात आलं. सोनार या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवरून गिब्सन कंपनीनं 2017 मध्ये हात काढले. पुढच्या वर्षी बँडलॅबनं ते उचललं आणि फुकट द्यायला सुरुवात केली. प्लगइन विकणाऱ्या वेव्हजनं 2023 मध्ये विक्री थांबवून सगळं भाड्यावर न्यायचं ठरवलं, लोक असे खवळले की काही दिवसांतच माघार घ्यावी लागली. पुढेही हेच चालणार. मालक बदलतील, भाडं वाढेल, आणि ते भाडं बहुतेक वेळा डॉलरच्या हिशेबानं असेल. आपली बिदागी रुपयांत, तीही कार्यक्रम झाल्यावर दोन महिन्यांनी.

म्हणून भाड्यावर काही घेऊ नको. ध्वनिमुद्रणाला साध्या लॅपटॉपवर रीपर छान चालतं, किंमतही झेपणारी आहे. एफएल स्टुडिओ एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट्स फुकट मिळतात. स्वरलेखनाला म्युझस्कोर फुकट आहे. काय घ्यायचं ते घे, पण त्यातून मिडी फाइल, म्हणजे वाजलेल्या स्वरांची नोंद, बाहेर काढता येते का, ते पहिल्याच दिवशी करून बघ. मिडी 1983 पासून आहे, कुण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही. गाणं पूर्ण झालं की मिडी काढायची, प्रत्येक वाद्याचा ऑडिओ वेगळा काढायचा, फाइलच्या नावात पट्टी आणि लय लिहायची आणि सगळं वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण झोपण्याआधी करायचंच.

आता एआयचं. सुनो, उडिओला दोन ओळी दिल्या की मिनिटाभरात वाजतं-गातं गाणं तयार. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी 2024 च्या जूनमध्ये त्यांच्यावर खटले भरले आणि 2025 संपता संपता त्यांतल्या काहींनी त्यांच्याशीच करार केले. म्हणजे हे आता जाणार नाही. तुमच्या लातुरात नीटच्या क्लासच्या जाहिरातीची जिंगल, दुकानाचं उद्घाटन, निवडणुकीचं प्रचारगीत, ही कामं तिकडे वळणार. त्या कामांच्या भरवशावर राहू नको, हे मी तुला मनापासून सांगते.

पण माणूस गाणार असला की गोष्ट वेगळी. 14 एप्रिलच्या कार्यक्रमासाठी एक गायिका माझ्याकडे असाच एआयचा ट्रॅक घेऊन आली. ऐकायला भरगच्च. पट्टी काळी दोन. तिचा आवाज खुलतो काळी चारला. ट्रॅक तेवढा वर ओढला तर ढोलकीचं घुमणं गेलं, रिकामा डबा वाजवल्यागत यायला लागलं. शिवाय अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीनंतर तिला दम घ्यायला जागाच नव्हती. मी बाकी वाद्यं मिडीवर नव्यानं बसवली, तिच्या पट्टीत, त्या ओळीनंतर एक आवर्तन वाढवून. ढोलकीला माणूस बोलावला. त्यानं आधी शाई काळी चारला मिळवून घेतली, मग वाजवलं. हेच आपलं काम. ज्याला समोरच्या गळ्याची पट्टी आणि दम कळतो त्याच्याकडे माणसं परत येतात.

लावणीत तर याहून जास्त. कधी माळेगावच्या यात्रेत लावणी महोत्सव बघायला उभी राहा, आणि नाचणारीपेक्षा ढोलकीवाल्याकडे बघ. त्याची नजर तिच्या पायांवर असते, तोडा तिथून उचलतो. लय सरकते, सरकायलाच हवी. तू आधी क्लिक लावून त्यावर ढोलकी वाजवायला लावलीस की जीव गेला. उलटं कर. आधी ढोलकी मोकळी वाजू दे, मग सॉफ्टवेअरची मात्रारेषा तिच्या मागे ओढत ने. रीपरमध्ये टेम्पो असा हातानं बसवता येतो. वेळ खातं, पण बाकीची वाद्यं मग तिच्यासोबत श्वास घेतात. आणि जमेल तिथे माणूसच वाजवू दे. संगीतकार अजय-अतुल यांनी 2016 च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला जाऊन खराखुरा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनचे तयार आवाज तेव्हाही संगणकात होतेच की.

आणि विशारद सोडू नको. संगणक आला म्हणून परीक्षा कशाला, असं तुझं चाललंय ते मला कळलंय. कणस्वर, मींड या गोष्टी पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला नीट मांडता येत नाहीत. भातखंडे पद्धतीची वही तुझ्या हातची असू दे. कीबोर्डवर मींड कुठे वाकवायची, ते त्या वहीतूनच कळतं.

उरलेले पैसे एका बऱ्या माइकला आणि ऑडिओ इंटरफेसला घाल. ज्याची ढोलकी, हलगी रेकॉर्ड करशील त्याला त्याच दिवशी पैसे दे, आणि ते आवाज पुन्हा वापरणार असशील तर तसं आधी बोलून, कागदावर लिहून घे. गरीब वादकाचा हात फुकट वापरणारे आपल्याकडे थोडे नाहीत, आणि आता त्या आवाजांवर एआयचीही नजर आहे. गिऱ्हाइकालाही लिहून दे, पट्टी बदलायची असेल तर एकदा फुकट, नंतर पैसे पडतील. बोलायला लाजू नको.

रविवारी नांदेडला ये. येताना रिकामी हार्डडिस्क आण, माझ्याकडच्या ढोलकीच्या मिडी फाइली देते, आणि रीपर बसवून आधी एक भजनी ठेकाच करून बघू.