घोडा लहान, खर्च मोठा
मिनिएचर घोड्याच्या पोटशुळाच्या शस्त्रक्रियेनंतर पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

अमेरिकेत घरामागे एक-दोन एकर मोकळी जागा असली की मिनिएचर घोडा पाळण्याची हौस भागवता येते. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणे त्याची उंची ३४ इंचांच्या आत हवी. वजन साधारण ७० ते ११५ किलो. खाणं बेताचं, स्वभाव माणसाळलेला, आणि छोटी गाडी तो आनंदाने ओढतो. विकत घेताना तो परवडतो आणि रोजचा चाराही परवडतो. हिशेब कोलमडतो तो पोटशूळ उठल्यावर.

घोड्याला उलटी करता येत नाही. आतड्याला पीळ पडला किंवा लिदीचा अथवा वाळूचा गठ्ठा अडकला, की शस्त्रक्रिया करायची की नाही हे काही तासांत ठरवावं लागतं. बहुतेक मालक त्या रात्री एकच आकडा ऐकतात, तो ऑपरेशनचा. मात्र वाचलेला घोडा पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अन्न सोडल्यामुळे, पोटातल्या अल्सरमुळे किंवा टाके बिघडल्यामुळे पुन्हा संकटात येऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेला होकार देताना पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आधीच बाजूला काढा. ते नसतील तर निर्णयाचा पुन्हा विचार करा. खालचे आकडे अमेरिकेतले आणि अंदाजे आहेत. राज्याप्रमाणे आणि रुग्णालयाप्रमाणे ते बदलतात.

पहिली रात्र आणि रुग्णालय

• डॉक्टर घरी येण्याची फी : ७५ ते १५० डॉलर, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी वर आणखी १०० ते २५० डॉलर.
• रक्ततपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे : मिळून ३०० ते ८०० डॉलर.
• शस्त्रक्रिया आणि नंतरचे पाच ते सात दिवस रुग्णालयात : ७,००० ते १५,००० डॉलर. गुंतागुंत झाली तर याहूनही जास्त.

घोडा छोटा म्हणून बिलही छोटं येईल, ही अपेक्षा ठेवू नका. भूल देणारे डॉक्टर, सर्जन, रात्रपाळीचे कर्मचारी आणि शस्त्रक्रियेची खोली, हे सगळं मोठ्या घोड्याइतकंच लागतं. तपासणीत तर एक अडचण जास्तच असते. मोठ्या घोड्याच्या गुदद्वारातून हात घालून डॉक्टर आतडी चाचपतात. मिनीच्या, म्हणजे मिनिएचर घोड्याच्या, बाबतीत ते बहुधा जमत नाही, म्हणून सोनोग्राफी आणि एक्स-रेवर भिस्त ठेवावी लागते. एक फायदा असा की शरीर लहान असल्याने पोटाचा एक्स-रे चांगला निघतो आणि साठलेली वाळू त्यात स्पष्ट दिसते. हा खर्च टाळू नका.

डेव्हिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल, पेनसिल्व्हेनियातलं न्यू बोल्टन सेंटर, टेक्सास ए अँड एम अशा ठिकाणी घोड्यांची मोठी रुग्णालयं आहेत. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं कुठलं, तिथे पोचायला किती वेळ लागतो आणि ट्रेलर कोणाकडून मिळेल, हे आजच लिहून तबेल्यात लावा. दाखल करताना अंदाजपत्रकातली बरीच रक्कम आगाऊ मागितली जाते. अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे मागा, आणि ठरलेल्या रकमेपुढे जाण्याआधी फोन करा असं स्पष्ट सांगा.

वजन : सगळ्या हिशेबाचा पाया

रुग्णालयातून निघण्यापूर्वी घोड्याला तिथल्या काट्यावर उभं करून वजन लिहून घ्या. मोठ्या घोड्यांसाठी बनवलेली मोजपट्टी मिनीच्या बाबतीत चुकते, आणि नजरेचा अंदाज तर त्याहून चुकतो. घोड्यांची बहुतेक औषधं साधारण ५०० किलोंच्या जनावरासाठी भरलेली असतात. वेदनेसाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुनिक्सिनची मात्रा मिनीत थोडी जास्त झाली तरी जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. फ्लुनिक्सिन आणि फेनिलब्युटाझोन ही दोन वेदनाशामकं डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र कधीच देऊ नका. अल्सर होण्याचं एक मोठं कारण हीच औषधं आहेत.

खाणं सोडलं तर वाट पाहू नका

मिनिएचर घोड्याचा सर्वांत मोठा धोका रक्तातल्या चरबीचा असतो. पोट रिकामं राहिलं की त्याचं शरीर साठलेली चरबी झपाट्याने रक्तात सोडतं. ती यकृतात साचते, घोडा आणखी मलूल होतो आणि आणखी कमी खातो. मोठा घोडा एक दिवस उपाशी राहिला तर बहुधा सावरतो. मिनीसाठी तो एक दिवसही जिवावर बेतू शकतो. लठ्ठ, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला हा धोका सर्वांत जास्त.

हे वेळीच ओळखण्याचा मार्ग म्हणजे ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या या चरबीची, तपासणी. डेसिलिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की शिरेतून ग्लुकोज, नळीतून अन्न, प्रसंगी इन्सुलिन द्यावं लागतं. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ही तपासणी एक-दोनदा करून घ्या. डॉक्टरांच्या फीसह दर खेपेला १५० ते ३०० डॉलर लागतात. वेळेवर कळलं नाही आणि पुन्हा दाखल करावं लागलं, तर अतिदक्षता विभागाचा एका दिवसाचाच खर्च याच्या कितीतरी पट होतो. सगळ्या यादीतला एकच खर्च राखायचा झाला, तर हा राखा.

अल्सरचं औषध : इथे पैसे खरोखर वाचतात

घोड्याच्या जठरात खाणं असो वा नसो, आम्ल चोवीस तास पाझरत असतं. एरवी दिवसभर चरणं आणि लाळ यांमुळे त्याची धार कमी होते. शस्त्रक्रियेच्या काळात उपास, बंदिस्त तबेला, प्रवास, भीती आणि वेदनाशामकं हे सगळं एकत्र येतं, आणि अल्सर होतात किंवा असलेले वाढतात. खुराकाकडे तोंड नेऊन मागे घेणं, दात खाणं, खाल्ल्यावर अस्वस्थ होणं, पोटाजवळ हात नेताच कान मागे टाकणं, वजन उतरणं, ही त्याची लक्षणं.

मुख्य औषध ओमेप्राझोल. उपचाराची मात्रा किलोमागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, साधारण २८ दिवस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गॅस्ट्रोगार्डच्या नळीत २.२८ ग्रॅम औषध असतं आणि किंमत साधारण ३५ ते ४५ डॉलर. मोठ्या घोड्याला रोज एक नळी लागते, म्हणजे महिन्याला हजार डॉलरहून जास्त. १०० किलोंच्या मिनीला रोज फक्त ४०० मिलिग्रॅम पुरतात. नळीच्या दट्ट्यावर दर २५० पौंडांना, म्हणजे सुमारे ११३ किलोंना, एक खूण असते. मिनीसाठी रोज एक खूण धरली तर नळी पाच दिवस जाते आणि पूर्ण कोर्स सहा नळ्यांत होतो. एकूण खर्च २१० ते २७० डॉलर. पहिल्या दिवशी मात्रा डॉक्टरांसमोर मोजून घ्या.

बाजारात स्वस्त, मिश्रण करून दिलेलं ओमेप्राझोलही मिळतं. हे औषध आम्लात लवकर नष्ट होतं, म्हणून ते कोणत्या स्वरूपात बनवलंय याला फार महत्त्व आहे. मिनीला मान्यताप्राप्त नळीच इतकी स्वस्त पडते की दुसरीकडे वळण्याचं कारण उरत नाही.

जठराच्या खालच्या, ग्रंथींच्या भागातले अल्सर एकट्या ओमेप्राझोलला अनेकदा दाद देत नाहीत. त्यासाठी सुक्राल्फेट जोडतात. माणसांच्या औषधांच्या दुकानात त्याच्या साध्या जेनेरिक गोळ्या मिळतात. महिन्याचा खर्च साधारण १०० डॉलर. ते इतर औषधांचं शोषण अडवतं, म्हणून दोन्हींच्या वेळांत अंतर ठेवा. मोठ्या आतड्याला वेदनाशामकांनी झालेली इजा मात्र ओमेप्राझोलने बरी होत नाही. जुलाब लागले किंवा पोटाखाली सूज आली तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दुर्बिणीने जठर पाहण्याचा खर्च ३०० ते ६०० डॉलर. त्यासाठी बारा-सोळा तास उपाशी ठेवावं लागतं, आणि मिनीच्या बाबतीत नेमका उपासच धोक्याचा. म्हणून नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या मिनीवर अनेक डॉक्टर लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात. महिन्याने फरक पडला नाही तर दुर्बीण टाकतात. तेव्हाही उपासाचा काळ किती कमी करता येईल आणि आधी ट्रायग्लिसराइड पाहायचं का, हे विचारा. ओमेप्राझोल थांबवताना एकदम थांबवू नका; मात्रा कशी उतरवायची तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घरचे तीन महिने

पोटावरच्या चिरेला पूर्ण ताकद यायला वेळ लागतो. सर्वसाधारण वेळापत्रक असं :

• पहिला महिना : तबेल्यात विश्रांती, दोर धरून दिवसातून दोन-तीनदा थोडं चालवणं आणि हिरवं गवत चरू देणं.
• दुसरा महिना : लहान, सपाट, कुंपण घातलेल्या जागेत एकट्याने मोकळं.
• तिसरा महिना : नेहमीच्या कुरणात. गाडी ओढणं तिसरा महिना सरल्यावर, तेही डॉक्टरांनी चीर तपासल्यावरच.

टाके किंवा पिना दहा-चौदा दिवसांनी काढतात. भेटीचे १०० ते २५० डॉलर. तबेल्यात अंथरायचा लाकडाचा भुसा तीन महिन्यांत १५० ते २५० डॉलरचा लागतो. चिरेला आधार देणारा पोटपट्टा डॉक्टरांनी सांगितला तर मिनीच्या मापाचा घ्या. मोठ्या घोड्याचा पट्टा दुमडून वापरला तर तो सरकतो आणि चीर घासते.

चाऱ्याचा खर्च कमी, पण लक्ष सर्वांत जास्त इथेच द्यावं लागतं. शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकं गवत, म्हणजे १०० किलोंमागे दीड ते दोन किलो, दिवसभरात थोडं थोडं विभागून द्या. सुरुवातीला ते भिजवून मूठ-मूठ द्या. बारीक छिद्रांची जाळी वापरली तर गवत जास्त वेळ पुरतं आणि पोट रिकामं राहत नाही. आपण ज्याला लसूणघास म्हणतो त्या अल्फाल्फातल्या कॅल्शियममुळे आणि प्रथिनांमुळे आम्ल शमतं. मात्र मिनी लवकर लठ्ठ होतात आणि त्यांना खुरांचा दाह होण्याचा धोका असतो, म्हणून लसूणघास थोडाच द्या. धान्याचा खुराक डॉक्टर सांगेपर्यंत बंद. चारा वाळूवर टाकू नका. रबरी चटईवर किंवा टबात ठेवा. थंडीत पाणी कोमट असलं तर घोडा ते जास्त पितो. शेजारच्या कप्प्यात दुसरा मिनी किंवा शेळी असू द्या, कारण एकटं पडलेलं जनावर खाणं सोडतं.

हे सगळं मिळून घरच्या तीन महिन्यांचा खर्च १,००० ते २,००० डॉलर होतो. शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकावर २,००० डॉलर वाढवूनच निर्णय घ्या.

लगेच फोन करा

ताप ३८.६ अंश सेल्सियसच्या वर. एक वेळचं खाणं टाळलं. आठ-दहा तासांत लीद नाही. चिरेतून पू किंवा वाढती सूज. शांत उभा असतानाही नाडी मिनिटाला ६० च्या वर. वळून पोटाकडे पाहणं, लोळणं. खूर गरम लागणं किंवा जपून पाऊल टाकणं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, लीद आणि खाल्लेलं गवत एका वहीत लिहा. फोनवर डॉक्टरांना ही वही वाचून दाखवलीत की एखादी फेरी वाचू शकते.

पैसे कुठून आणायचे

शस्त्रक्रियेचा विमा बहुधा मृत्यूविम्याला जोडून मिळतो, आणि अनेक कंपन्या घोड्याची किमान किंमत ठरवतात. स्वस्तात घेतलेला मिनी त्यात बसतो का, हे आधी विचारा. शस्त्रक्रियेपूर्वी कंपनीला कळवणं बंधनकारक असतं. तो नंबर फोनमध्ये ठेवा. एकदा शूळ होऊन गेला की पुढच्या वर्षी पोटाचे आजार विम्यातून वगळले जाऊ शकतात. पूरक खाद्य विकणाऱ्या काही कंपन्या ठरावीक अटींवर शस्त्रक्रियेचा खर्च परत देतात. वार्षिक तपासणी आणि लसीकरणाच्या नोंदी नसतील तर दावा फेटाळला जातो. केअरक्रेडिटसारख्या कार्डावर काही महिने बिनव्याजी मिळतात, पण मुदतीत पूर्ण फेड झाली नाही तर व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. मासिक हप्ता आधी काढून पाहा.

आणि शस्त्रक्रिया परवडत नसेल, घोडा म्हातारा असेल किंवा डॉक्टरांनीच आशा कमी सांगितली असेल, तर वेदनारहित मरण देणं हाही जबाबदार मालकाचा निर्णय आहे. जनावराला तासन् तास तळमळत ठेवणं मात्र कधीच योग्य नाही. त्यासाठी आणि नंतरच्या विल्हेवाटीसाठी काही शे ते हजारभर डॉलर लागतात. कुटुंबाने वरची मर्यादा शांत दिवशी ठरवावी, लिहून ठेवावी आणि आपल्या डॉक्टरांना सांगून ठेवावी.

घोडा पूर्ण बरा झाल्यावरही वर्षाला दातांची तपासणी (१०० ते २५० डॉलर) आणि लिदीतल्या जंतांची तपासणी (२० ते ४० डॉलर) चुकवू नका. मिनीच्या लहान जबड्यात दातांची दाटी होते. चारा नीट चावला गेला नाही की लिदीचे गठ्ठे आतड्यात अडकतात. वर्षाचे हे शंभर ते तीनशे डॉलर खर्च केले, तर पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता कमी होते.