पडद्यावरचे गाव आणि मातीतले गाव

चित्रपट पाहून परतणारा मनुष्य कथेविषयी बोलतो, नटांविषयी बोलतो, गाण्यांविषयी तर बोलतोच. परंतु ज्या भूमीवर ती कथा घडताना दिसली, ती भूमी कोणती, हा प्रश्न सहसा त्याच्या मनात येत नाही. इतिहास-भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र तो अवश्य विचारावा. आपल्या महाराष्ट्रातील काही उदाहरणे घेऊन त्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कलागृहात उभारलेल्या देखाव्यावर न भागवता प्रत्यक्ष गावी, नदीकाठी वा डोंगरावर जाऊन जे चित्रण करतात, त्यास बाह्यचित्रण म्हणतात. ही रीत आपल्याकडे चित्रपटकलेइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्याचे कलागृह दादरला होते. परंतु बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी मुंबईजवळच्या वांगणी या खेड्यात गेली. तलवारी घेतलेली ही माणसे पाहून गावकऱ्यांस ती दरोडेखोरांची टोळी वाटली, अशी हकीकत सांगतात. त्या काळी चित्रणाची मुख्य भिस्त सूर्यप्रकाशावर असे. तेव्हा उघड्यावर काम करण्यात मोठी अडचण नव्हती.

पुढे १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हे बोलपट निघाले आणि स्थिती पालटली. नटाच्या शब्दाबरोबर आगगाडीची शिटी, कावळ्याची कावकाव आणि बघ्यांचा गोंगाटही यंत्रात उतरू लागला. साहजिकच बोलपट बंद कलागृहाच्या आश्रयास गेला. पुढे यंत्रे हलकी झाली, मागाहून आवाज जोडण्याची सोय झाली, तेव्हा तो पुन्हा मोठ्या प्रमाणावर मोकळ्या रानात आला.

आता वाईचे उदाहरण घेऊ. वाईनजीक मेणवली येथे नाना फडणीसांनी अठराव्या शतकात कृष्णेच्या काठी वाडा व घाट बांधला. नदी, दगडी पायऱ्या, देवळे, जुने वाडे आणि जवळच डोंगर, हे सारे एके ठिकाणी, आणि तेही मुंबई-पुण्याहून सामान व माणसे सहज नेता येतील अशा अंतरावर! म्हणून चित्रपटवाल्यांची पावले वारंवार तिकडे वळली. 'गंगाजल' (२००३) या चित्रपटात हा प्रदेश बिहार झाला, 'स्वदेस' (२००४) मध्ये मेणवली हे उत्तर प्रदेशातील चरणपूर झाले आणि 'दबंग' (२०१०) मध्येही वाईने उत्तर प्रदेशाचेच सोंग घेतले. कर्नाटकातील रामनगरचे खडक 'शोले' (१९७५) मध्ये रामगढचे झाले, तोच हा प्रकार.

यात दोष आहे काय? नट जसा राजाची भूमिका करतो, तशी भूमीनेही दुसऱ्या भूमीची भूमिका केली, एवढेच. कलेस ही मुभा असलीच पाहिजे. तथापि त्यात एक हानी आहे. लक्षावधी लोकांनी मेणवलीचा घाट पाहिला. परंतु तो नाना फडणीसांचा आहे, ती नदी कृष्णा आहे, हे त्यांतील किती जणांस ठाऊक झाले? रूप सर्वांनी पाहिले, नाव मात्र मागे राहिले.

याउलट प्रकार आपल्याच गावाच्या नावबंधूने करून दाखविला. आपले मालेगाव वाशीम जिल्ह्यातील. दुसरे मालेगाव नाशिक जिल्ह्यात मोसम नदीच्या काठी वसलेले, यंत्रमागांसाठी प्रसिद्ध. तेथील शेख नासिर आणि त्यांचे सोबती यांनी अल्प पैशांत, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने 'मालेगाव के शोले' हा विनोदी चित्रपट काढला. रामनगरने ज्या कथेत आपले नाव गमावले, त्याच कथेला या मंडळींनी स्वतःच्या गावाचे नाव शीर्षकातच दिले! नट गावचेच, गल्ल्या व शेतेही गावचीच. कॅमेरा चालता करावयाचा तर सायकल, उंच न्यावयाचा तर बैलगाडी, अशी त्यांची युक्ती. त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन' या चित्रपटाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट काढला, तर रीमा कागती यांनी या मंडळींवर केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२५ साली चित्रगृहांत आला.

आपल्या विदर्भातही असे उदाहरण आहे. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) नागपुरात चित्रित झाला आणि नागपूर त्यात नागपूर म्हणूनच दिसते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांस फुटबॉल शिकविला, त्या कार्यावर ही कथा आधारलेली असून तीत नागपूरच्याच वस्त्यांतील मुलांनी कामे केली आहेत.

तात्पर्य इतकेच की, केवळ देखणेपणामुळे गावाचे चित्र पडद्यावर जाते. परंतु त्याचे नाव जावयाचे असेल, तर त्याची कथा सांगणारा कोणी तरी त्या मातीशी नाते जोडणारा असावा लागतो. म्हणून विद्यार्थ्यांनी यापुढे चित्रपट पाहताना तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : हे चित्रण कोठे झाले, पडद्यावर त्या स्थळास कोणते नाव दिले, आणि त्या स्थळाचे खरे वैशिष्ट्य कथेत आले की नाही. पालकांनीही या शोधात मुलांस साहाय्य करावे. तसेच आपल्या तालुक्यातील वाडे, देवळे, बाजार, पेरणी-कापणी यांची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून लिहून काढावी. उद्या कोणी कॅमेरा घेऊन या गावी आला, तर त्यास दाखवावयास आपल्यापाशी जागा तर आहेतच. सांगावयास कथाही असली पाहिजे.