झाशीच्या किल्ल्यात मुक्काम मिळेल का?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही तिघं झाशीला निघालोय. मी, हे आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. राणीची झाशी पाहायची ही त्यांची लहानपणापासूनची इच्छा. मागे राजस्थानात आम्ही एका जुन्या गढीत राहिलो होतो. तेव्हापासून स्टेशनजवळचं चौकोनी लॉज मला नकोसं वाटतं. झाशीच्या किल्ल्यात राहता येतं का? येत नसेल, तर राजस्थानात जे जमतं ते इथे का जमत नाही? आणि आसपास गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या किल्ल्याशेजारी देखणं, पण सोयीचंही हॉटेल निवडायचं, तर काय पाहावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : राहता येत नाही. झाशीचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिकीट काढून आत जायचं आणि दरवाजा बंद व्हायच्या आत बाहेर पडायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. दुसरा प्रश्न मात्र खरा मजेदार आहे.

किल्ल्याचं हॉटेल व्हायला आधी वारस लागतो. राजस्थानातली संस्थानं विलीन झाली, तरी कितीतरी वाडे आणि गढ्या त्या त्या घराण्यांच्या खासगी मालकीच्या राहिल्या. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. गळकी छपरं, पडकी तटबंदी, नोकरांचे पगार हे सगळं भागवायचं कशातून? पाहुणे ठेवायचे, हा त्यातल्या त्यात अब्रूदार मार्ग होता. तुम्ही राहिलात ती गढी बहुधा अशीच वाचली असणार.

झाशीत हा धागाच तुटला. नोव्हेंबर १८५३ मध्ये राणीचे पती, राजे गंगाधरराव नेवाळकर वारले, दत्तक नामंजूर झालं आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं. १८५८ च्या वेढ्यानंतर दत्तकपुत्र दामोदररावांच्या वाट्याला काय आलं, तर इंग्रजांची पेन्शन आणि इंदूरचं बिऱ्हाड. किल्ला त्यानंतर हातोहात फिरला. १८६१ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांना दिला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. ज्या घराण्यानं ‘या आमच्याकडे’ म्हणायचं, ते घराणंच किल्ल्यात उरलं नाही. त्यात कायद्याची भर. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ‘किल्ल्याला लागून’ असं लिहिणारं झाशीतलं नवंकोरं हॉटेल दिसलं, तर आधी नकाशा उघडा.

हे सगळं उत्तर प्रदेशातलं म्हणून आपण निवांत ऐकतो. पण सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले पंचवीसेक किल्ले हॉटेलांसाठी भाड्यानं देण्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता! शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो राग मला समजतो. तरी पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये सासवडजवळ बांधलेल्या जाधवगडाचं हॉटेल झालं, तेव्हा कुणी रस्त्यावर उतरलं नव्हतं. लढाईचा किल्ला वेगळा आणि राहती गढी वेगळी, हा फरक आपल्या मनात पक्का असतो, बोलून दाखवत नाही इतकंच. झाशी पहिल्या प्रकारात मोडते. तिच्या बुरुजावर नाश्त्याची टेबलं मांडलेली तुमच्या सासूबाईंनाही रुचणार नाहीत.

म्हणून मुक्काम ओरछ्याला करा. झाशीपासून सोळा-सतरा किलोमीटर, पण राज्य बदलतं. ओरछा मध्य प्रदेशात येतं. टॅक्सी ठरवतानाच ‘ओरछ्यासकट’ म्हणून भाडं पक्कं करा, नाहीतर सीमेवर कर कुणी भरायचा यावरून वाद होतो.

रुद्रप्रतापानं १५३१ मध्ये वसवलेली ही बुंदेल्यांची राजधानी. १७८३ मध्ये दरबार टेहरीला, म्हणजे आजच्या टीकमगढला हलला. महाल रिकामे पडले आणि रिकामे पडले म्हणूनच फारशी मोडतोड न होता उरले. त्यांतल्या राजमहाल आणि जहांगीर महाल यांच्या मधोमध अठराव्या शतकातला शीशमहल उभा आहे. इथे वारसाची जागा सरकारनं घेतली. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळानं तिथे हॉटेल केलं. खोल्या थोड्याच. किल्ल्यात झोपायची तुमची हौस या भागात फिटणार असेल तर इथेच.

आता निवडीचं. माझं मत सरळ आहे : किल्ल्याशेजारच्या हॉटेलात आपण खोली विकत घेत नाही, दोन वेळा विकत घेतो. एक, तिकीटखिडकी उघडण्याआधीची सकाळ आणि दुसरी, सहलीच्या बस परतल्यानंतरची संध्याकाळ. झाशीहून दिवसभरासाठी येणाऱ्याला त्या मिळत नाहीत. जहांगीर महालाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे पट्टे अजून टिकून आहेत. डोक्यावर ऊन आलं की ते फिके दिसतात आणि कोवळ्या उन्हात उजळतात. तेव्हा हॉटेलच्या फोटोतली झुंबरं पाहण्याऐवजी एवढंच पाहा, की सकाळी चपला घालून निघाल्यावर चालत पाच-दहा मिनिटांत त्या दगडापाशी पोचता का. गाडी काढावी लागणार असेल, तर ते हॉटेल कितीही देखणं असो, ते झाशीतच असल्यासारखं.

एवढं लिहून मी तुम्हाला शीशमहल सुचवणार नाही. कारण सासूबाई. किल्ल्यात जायला पूल ओलांडून चढ चढावा लागतो आणि आतल्या जुन्या पायऱ्या उंच व अरुंद आहेत. रात्री बाथरूमला उठणाऱ्या माणसाला जुना महाल त्रास देतो. जाडजूड दगडी भिंती उन्हाळ्यात सुखाच्या असतील, पण डिसेंबरातल्या बुंदेलखंडी रात्री त्याच भिंती गारठा धरून बसतात. शीशमहलात संध्याकाळचं जेवण होईल का, एवढी फोनवर चौकशी करा, सासूबाईंचा हात धरून सावकाश एकदा वर जा आणि झोपायला खाली या.

खाली दोन तऱ्हेची हॉटेलं आहेत. बेतवेकाठी महामंडळाचं बेतवा रिट्रीट आहे : सुटे कॉटेज, बाग, नदी आणि राजांच्या छत्र्या जवळ. दुसरी तऱ्हा अमर महलसारखी. इमारत अलीकडची, पण कमानी, छज्जे, रंगवलेली छतं सगळं बुंदेली धाटणीचं. जुन्याचं सोंग म्हणून नाकं मुरडणारे आहेत. मला त्यात काही गैर वाटत नाही. गिझर आणि सरळ जिना जुन्या महालात नंतर घुसवण्यापेक्षा नव्या घराला जुनी कमान लावणं सोपं असतं. मात्र ‘हेरिटेज’ शब्दाचे जादा पैसे मागितले, तर इमारत कधीची आहे ते विचारा. पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेल म्हणवून घ्यायला वास्तू १९५० पूर्वीची असावी लागते. नुसती कमान चालत नाही.

फोन करून खोली कुठल्या मजल्यावर आहे, पायऱ्या किती, गरम पाणी चोवीस तास की ठराविक वेळी, खिडकी नदीकडे उघडते की गाड्या लावायच्या जागेकडे, हे विचारा. उत्तरं ‘सब हो जाएगा’ अशी आली, तर दुसरीकडे फोन लावा.

गावपणच हवं असेल, तर ओरछ्यात आणि जवळच्या लाडपुरा खास गावात घरगुती मुक्कामाचीही सोय आहे. लाडपुऱ्याचं नाव २०२१ मध्ये भारतानं जागतिक पर्यटन संघटनेच्या उत्तम खेड्यांच्या स्पर्धेसाठी पाठवलं होतं. मातीच्या भिंती, चुलीवरचं जेवण. देखणेपणाची तुमची व्याख्या इथपर्यंत ताणली जात असेल, तर एक रात्र जरूर काढा.

प्रश्नात तुम्ही जुना किल्ला म्हटलंय, तर अस्सल मध्ययुगीन म्हणजे गढकुंडार. ओरछ्याच्या आधी बुंदेल्यांची राजधानी तिथे होती आणि त्याच्याही आधी खंगारांची. लांबून स्पष्ट दिसतो आणि जवळ जावं तसा टेकड्यांआड लपतो, असं लोक सांगतात. झाशीचेच लेखक वृंदावनलाल वर्मा यांची त्यावर त्याच नावाची हिंदी कादंबरी आहे. मुक्कामासारखं हॉटेल तिथे शोधू नका. ओरछ्याहून सकाळी निघून दुपारी परत या. पाणी आणि दशम्या बरोबर असू द्या. वाटेत बरुआसागरचा तलाव आणि त्यावरचा बुंदेल्यांचा किल्लाही होईल.

झाशी मग एका दिवसाची. किल्ला, राणीमहाल, जिथे राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिर आणि लक्ष्मी तलावाजवळची गंगाधररावांची छत्री. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५८ चा वेढा आतून पाहिला. सासूबाईंना गाडीत गोडशांच्या ‘माझा प्रवास’मधली ती पानं वाचून दाखवा. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम थेट झाशीला जाते. स्टेशनचं नाव मात्र आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी. ओरछ्यातल्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या भिंतीवर १८५७ च्या धामधुमीतल्या लढाईचं चित्र आहे, गोऱ्या शिपायांसकट. तिथेही चढ आहे, पण या एका चढाला सासूबाई नाही म्हणणार नाहीत.

आणि बुकिंगआधी घरातलं पंचांग काढा. ओरछ्याचा रामराजा हा देव आणि राजाही; पोलीस त्याला रोज सलामी देतात. पुष्य नक्षत्राला आणि विवाहपंचमीला त्याच्या दर्शनासाठी आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात. त्या दिवशी पहाटेपासून भोंगे लागतात, रस्ते बंद होतात आणि खोल्यांचे दर चढतात. सासूबाईंना दर्शनाची गर्दी हवी असेल तर नेमका तोच दिवस धरा, शांतता हवी असेल तर दोन दिवस पुढे जा.