नोंदींचे राखणदार

आपल्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं पुष्कळांच्या मनांत आज संगणकाचा धंदा असतो. डेटाबेसचें काम शिकलें म्हणजे पुण्यास चांगली नोकरी मिळते काय, असा प्रश्न पालकहि आम्हांस विचारतात. मिळते, असें आम्ही सांगतों. पण तेवढेंच सांगून थांबणें योग्य वाटत नाहीं. ह्या धंद्यांत माणूस वाढतो कसा, आणि त्याच्या वाढीशीं समाजाचा संबंध काय, हें प्रस्तुत लेखांत पाहूं.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय तें समजून घेऊं. शाळेच्या जनरल रजिस्टरांत प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक मिळतो आणि तो दुसऱ्या कोणास दिला जात नाहीं. हजेरीपट, फीची वही व गुणपत्रक ह्यांत तोच क्रमांक लिहिला, तर जन्मतारीख व पत्ता पुन्हा पुन्हा उतरावा लागत नाहीं. एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी व इतर वह्यांनीं क्रमांकावरून ती शोधावी, ही ती युक्ति. एडगर कॉड ह्या इंग्रज गणितज्ञानें १९७० सालीं, अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनींत असतां, हीच कल्पना गणिताच्या पायावर मांडली. आज बँका, दवाखाने व सरकारी कचेऱ्या ह्यांचा मोठा कारभार त्याच पायावर चालतो.

ह्या युक्तीचें महत्त्व आम्हांस एका चुकीनें शिकविलें. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या रजिस्टरावरून नवें उतरून काढतांना आमच्या हातून एका मुलाच्या जन्मतारखेंत १९ च्या ठिकाणीं ११ पडले. दहावीचा फॉर्म भरतांना दोन कागद जुळेनात. त्याचे वडील मजूर; मजुरी बुडवून ते तीन वेळां शाळेंत आले. दुरुस्ती झाली, पण चूक आमची असतां त्यांनीं आमच्यापुढें हात जोडले, हें आम्ही विसरलों नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे पाहा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैद्राबाद संस्थानांत होती. त्या काळचे महसुली कागद पुष्कळसे उर्दूंत आहेत व ते वाचणारे आतां थोडे उरले आहेत. पुढें तलाठ्याच्या दप्तरांतील सातबारा संगणकावर आला. १ मे १९१८ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १ मे २०१८ पासून राज्यांत डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून करूं लागला. जिंतूरच्या माळावर सोयाबीन पेरणाऱ्याचें पीककर्ज व नुकसानभरपाई ह्या नोंदींवर अवलंबून असते. गट नंबर चुकला, कीं पीक शेतांत उभें असूनहि कागदावर नसतें.

म्हणून ह्या धंद्याच्या पायऱ्या पगारानें न मोजतां जबाबदारीनें मोजाव्या. पहिली पायरी बिनचूक नोंद करण्याची. दुसरी, एस्. क्यू. एल्. ह्या भाषेंत संग्रहास नेमका प्रश्न विचारण्याची. तिसरी, नवा संग्रह असा रचण्याची, कीं त्यांत चूक शिरूंच नये. चौथी राखणदाराची: कोणास काय पाहतां यावें हें ठरविणें, रोज प्रत काढून दुसऱ्या ठिकाणीं ठेवणें, आणि त्या प्रतीवरून संग्रह पुन्हा उभा राहतो कीं नाहीं, हें वेळोवेळीं करून पाहणें. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखी.

ह्या पायऱ्या कोणी एकटा चढत नाहीं. पोस्टग्रेस ह्या संग्रहाची गोष्ट घ्या. १९८६ सालीं अमेरिकेंतील बर्कली विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर ह्यांनीं तो आरंभिला. विद्यापीठाचें काम थांबल्यावर अँड्र्यू यू व जॉली चेन ह्या दोन विद्यार्थ्यांनीं त्यांत एस्. क्यू. एल्. घातली; आणि १९९६ पासून निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनीं पोस्टग्रेस-एस्. क्यू. एल्. ह्या नांवानें तो पुढें चालविला. आज तो कोणासहि फुकट वापरतां येतो. सेलूच्या मुलास जें साधन मिळतें, तेंच मोठ्या कंपनीच्या इंजिनियरास मिळतें.

अशा मंडळींत शिरण्यास शिफारस लागत नाहीं. प्रश्न विचारण्यापूर्वीं आपण काय करून पाहिलें तें स्पष्ट लिहावें. उत्तर सांपडल्यावर तें मागून येणाऱ्यासाठीं लिहून ठेवावें. मार्गदर्शक पुस्तिकेंत चूक दिसली तर कळवावी. आपणांस समजलेलें चारजणांना मराठींत समजावून सांगावें. जो शिकवितो त्याचें ज्ञान पक्कें होतें, आणि त्याचें काम लोकांच्या डोळ्यांसमोर राहिल्यामुळें नोकरीहि त्यास शोधीत येते. मात्र मदत मागतांना कोणाचें नांव, आजार वा खातें उघड करूं नये. तें आपलें नसतें.

पालकांस आमची एवढीच विनंति: मुलानें पुण्यास अवश्य जावें, पण सुटींत गांवीं आल्यावर शेजाऱ्याचा सातबारा त्याच्या हातीं द्यावा व नांव, क्षेत्र, पीक बरोबर आहे काय, तें वाचावयास सांगावें. शिकलेल्या विद्येची ती पहिली परीक्षा होय. आणि ती आपल्याच ओसरीवर घेतां येते.