शहरातली ‘पार्टी’ आणि आपला मुलगा

गेल्या दिवाळीतली एक सकाळ. पुण्यात शिकणाऱ्या बावीस वर्षांच्या एका मुलाला घरच्यांनी जीपमधून दवाखान्यात आणले. तो घरी येऊन दुसराच दिवस होता. रात्रभर झोप नाही, हातांना कंप, दरदरून घाम आणि पहाटे अंगणात एकाएकी फिट. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. आजीने लिंबू उतरवले. पूर्वी कधी फिट आलेली नव्हती, ताप नव्हता, डोक्याला मार नव्हता.

तो शुद्धीवर आल्यावर मी घरच्यांना बाहेर बसवले आणि विचारले, “शेवटची कधी घेतलीस?” तो रडूच लागला. दोन वर्षे, बहुतेक रोज रात्री, खोलीवरच्या मित्रांबरोबर. घरी आल्यावर वडिलांच्या धाकाने एकदम बंद. मोठ्या रुग्णालयात पाठवून तपासण्या करून घेतल्या, तेव्हा खात्री पटली. ती फिट अपस्माराची नव्हती, दारू अचानक तुटल्याची होती.

यात माझीही चूक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत हाच मुलगा सकाळची मळमळ आणि पोटातली जळजळ घेऊन आला होता. “मेसचे जेवण सोसत नाही, डॉक्टरसाहेब,” असे आई म्हणाली. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. वडिलांसमोर काय विचारायचे, म्हणून विचारलेच नाही. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणून आजचा लेख.

शहरातले पिणे वेगळे

आपल्याकडची मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, नाशिकला जातात. गावात कोण पितो हे सर्वांना माहीत असते. शहरात विचारणारे कोणी नसते. पहिला घोट मित्राच्या वाढदिवसाला, दुसरा नोकरी लागल्याच्या आनंदात आणि मग दर शनिवारी. आठवडाभर कोरडे राहून एका रात्रीत भरपूर पिणे, ही शहरी तरुणांची रीत. सोमवारी तो वेळेवर कामावर जातो, म्हणून त्याला कोणी दारुडा म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणत नाही. पण एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा अधिक मद्यार्क पोटात जाणे, याला जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपानच म्हणते.

“मी फक्त बिअर घेतो”

हे वाक्य मी नेहमी ऐकतो. आता हिशेब करा. व्हिस्की किंवा रमच्या 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क असतो. 650 मिलीच्या, 8 टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या बाटलीत सुमारे 40 ग्रॅम. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग! दोन बाटल्यांत आठ पेग झाले.

आपले यकृत साधारणपणे तासाला 7 ते 10 ग्रॅम मद्यार्काचाच निचरा करू शकते. लिंबू, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बारापर्यंत पिणाऱ्याच्या रक्तात सकाळी मोटारसायकलला किक मारतानाही दारू असू शकते. कायद्याने वाहनचालकाच्या 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क चालत नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा अल्पवयीन मुलगा पिऊन होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. मेलेले दोघेही कोणाची तरी शहरात गेलेली मुलेच होती.

मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली सवय खोल रुजते. “थोडी घेतली तर चांगली असते,” हा समजही आता टिकलेला नाही. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले आहे. मद्य कर्करोगालाही कारण ठरते.

पालकांनी काय पाहावे?

1. महिनाअखेरीच्या आत पैसे संपणे, वारंवार उसनवारी.
2. सकाळी मळमळ, हात थरथरणे, भूक मंदावणे.
3. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत झोप न लागणे, घाम, चिडचिड.
4. परीक्षेला किंवा कामावर दांड्या, लहानसहान अपघात.

यांपैकी एखादे लक्षण म्हणजे दारूच, असे नव्हे. पण चौकशी जरूर करावी. मारहाण, शपथा, चारचौघांत अपमान यांनी मुलगा लपवायला शिकतो, सोडायला नाही.

हे लक्षात ठेवा

पिऊन बेशुद्ध पडलेल्याला एकटे सोडू नये, पाठीवर झोपवू नये. कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. तोंडात पाणी किंवा ताक ओतू नये. अंग गार पडले, श्वास मंदावला, हाक मारून जागा होत नसेल तर 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. औषधांच्या आधाराने हा काळ सुखरूप पार पडतो.

व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पुण्यात 1986 साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. शासनाची 14446 ही मदतवाहिनी आहे. लाज वाटून घेऊ नका.

आपल्या शहादा तालुक्याला हा लढा नवा नाही. 1970 नंतरच्या चार-पाच वर्षांत इथल्या आदिवासी बायांनी गावोगावी दारूची मडकी फोडली होती. आज ते मडके शेकडो किलोमीटर दूर, मुलाच्या खोलीवर आहे. तिथे काठी पोचत नाही, आपला शब्द मात्र पोचतो. आठवड्यातून एकदा फोन करताना “पैसे पुरतात ना?” एवढेच विचारू नका. “शनिवारी काय केलेस?” असेही सहज विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका.

तो मुलगा उपचारानंतर पुन्हा कॉलेजला जाऊ लागला आहे. खोली बदलली आहे. आता दर रविवारी वडील त्याला फोन करतात.