कुऱ्हाडीचा दांडा

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक अन्सारी गृहस्थ याचना करण्यास आले, ही हदीस ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आहे. भीक मागण्याच्या निषेधासाठी ती आपण अनेकदा ऐकतो. आज ती व्यवसायाचा पहिला धडा म्हणून वाचू या.

प्रेषितांनी (स.) प्रथम विचारले, घरी काय आहे? एक जाडेभरडे वस्त्र व पाणी पिण्याचे पात्र, एवढेच होते. ते मागवून त्यांनी लोकांसमोर विक्रीस काढले. एक दिरहम देणारा पुढे आला. ‘अधिक कोण देतो?’ असे पुन्हा विचारल्यावर दोन दिरहम मिळाले. एका दिरहमाचे अन्न घरी पोहोचवावे, दुसऱ्याची कुऱ्हाड आणावी, असे ठरले. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) स्वहस्ते बसविला. लाकडे तोडून विकावीत व पंधरा दिवस आपल्याला दिसू नये, असे बजावून त्यांनी त्या गृहस्थांना पाठविले. ते परतले तेव्हा त्यांनी दहा दिरहम कमावले होते.

येथे कुटुंबाची भाकरी भांडवलापासून आधीच वेगळी केली आहे. आपले तरुण बहुधा येथेच अडखळतात. पहिल्याच महिन्यात घरखर्च भांडवल खाऊन टाकतो. शिवाय मुदत आहे, आणि मुदतीनंतर हिशोब पाहणारेही कोणी आहे. आपण शिलाई यंत्र देतो, छायाचित्र काढतो, पुढे विचारपूस मात्र करीत नाही. जकातीतून अवजार पात्र व्यक्तीच्या मालकीचे करून देता येते, कारागिराला अवजारांची किंमत द्यावी, असे इमाम नववी (रह.) यांनीही नमूद केले आहे.

धुळ्यातील यंत्रमागावर वाढलेल्या मुलाला माग चालविता येतो; पण सूत कोणत्या भावाने येते, कापड कोठे जाते, हे त्याला कोण सांगणार? हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना मदीनेत अर्धी संपत्ती देऊ केली गेली, तेव्हा त्यांनी फक्त बाजाराची वाट विचारली. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने अशा मुलाशी मुदारबत करावी: भांडवल एकाचे, श्रम दुसऱ्याचे, नफ्याचा वाटा आधीच ठरलेला. हलगर्जी नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. व्याजाच्या कर्जात मात्र तोटाही त्या मुलाच्याच गळ्यात पडतो.

जळगावकडे रावेर-यावलची केळी आहेत. फळे कॅल्शियम कार्बाइडने पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, तरी झटपट नफ्याचा मोह सुटत नाही. प्रेषितांनी (स.) बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. मुलाच्या हाती पहिली हातगाडी देताना हा प्रसंग त्याला सांगावा, आणि अधूनमधून त्याच्या गाडीवरची केळी आपणही विकत घेऊन पाहावीत.