मोटारगाडीचे इंधन : चालकाचा पाय आणि घरची देखभाल

भारतास लागणाऱ्या कच्च्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. १९७३ च्या तेलसंकटाने जगातील अनेक देशांना काटकसरीचा विचार करावयास भाग पाडले. अमेरिकेने १९७४ मध्ये आपल्या महामार्गांवरील वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरवर आणला. भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन, अर्थात पीसीआरए, या संस्थेची स्थापना झाली आणि इंधन बचतीचे धडे वाहनचालकांपर्यंत पोहोचू लागले. त्या धड्यांपैकी बहुतेक आजही खरे आहेत. मात्र दरम्यानच्या काळात मोटारगाडीचे अंतरंग पार बदलले. कार्ब्युरेटरच्या गाडीस लागू पडणाऱ्या काही युक्त्या आजच्या गाडीत निरुपयोगी ठरल्या आहेत, आणि त्यातील एक-दोन तर प्राणावर बेतणाऱ्या आहेत. गाडीचे ॲव्हरेज वाढविण्याच्या उत्साहात हा फरक ध्यानी घेतला जात नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

ऊर्जा जाते कोठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातील जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतांश ऊर्जा रेडिएटर व सायलेन्सर यांवाटे उष्णतेच्या रूपाने निघून जाते. तो तीन-चतुर्थांश भाग वाचविणे हे अभियंत्यांचे काम आहे. चालकाच्या हाती उरतो तो चौथा हिस्सा, आणि तो तीन ठिकाणी खर्ची पडतो : हवेचा विरोध मोडून काढण्यात, टायरच्या लवचीकपणामुळे होणाऱ्या घर्षणात आणि ब्रेकमध्ये.

यांपैकी ब्रेकचा खर्च सर्वांत कमी लक्षात येतो. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल इतकी गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबून गाडी थांबविली की ही सर्व ऊर्जा ब्रेकच्या डिस्क व ड्रम तापविण्यात नष्ट होते आणि पुन्हा तोच वेग गाठण्यासाठी सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. चहाचे साडेतीन चमचे भरतील एवढेच हे पेट्रोल. परंतु असे साठ वेळा घडले की एक लिटर संपले. पुणे, ठाणे किंवा नागपूर शहरात कामावर जाऊन येणाऱ्या मनुष्यास साठ वेळा ब्रेक मारण्यास फार दिवस लागत नाहीत.

यावर उपाय ब्रेक न मारणे हा नव्हे. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबत राहून सिग्नलपाशी करकचून थांबण्याऐवजी दुरूनच पाय काढून घ्यावा व गाडीस आपल्या वेगाने मंदावू द्यावे, इतकेच अपेक्षित आहे. पुष्कळदा गाडी तेथे पोहोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि गाडी पूर्ण थांबवावीच लागत नाही. दचके देत, पुढच्या गाडीच्या मागे धावत गाडी हाकणाऱ्या चालकाचे इंधन गर्दीच्या रस्त्यावर दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत वाया जाते, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. कोणत्याही यंत्रतंत्राने एवढी बचत साधत नाही.

वेगाची किंमत

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथे १०० ऐवजी ८० चा वेग ठेवला तर तेवढ्याच अंतरात हवेशी झगडण्यासाठी लागणारी ऊर्जा ३६ टक्क्यांनी कमी होते. ऐंशी किलोमीटरच्या प्रवासात याची किंमत मोजावी लागते ती बारा मिनिटांची. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गावर तर ताशी १२० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे. तेथे हवेचा विरोध ८० च्या वेगाच्या तुलनेत सव्वादोनपट असतो. वेळेचे मोल ज्याचे त्याने ठरवावे. हिशेब मात्र ठाऊक असावा.

गियरबाबत नियम साधा आहे. इंजिन न घुसमटता जितक्या वरच्या गियरमध्ये गाडी सहज ओढली जाईल, तितका वरचा गियर ठेवावा. गाडी थरथरू लागली की एक गियर खाली यावे. वातानुकूलनाचा भारही लहान नाही. कडक उन्हात, विशेषतः लहान अंतरावर, तो ॲव्हरेजमध्ये पंचवीस टक्क्यांहून अधिक घट घडवू शकतो. विदर्भातील उन्हाळ्यात एसी बंद ठेवा असे सांगणे हास्यास्पद होईल. त्यापेक्षा गाडी सावलीत उभी करावी, उभ्या गाडीच्या काचेवर आतून ऊन अडविणारा पडदा लावावा आणि निघण्यापूर्वी दारे मिनिटभर उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. शहरातील संथ गतीत खिडक्या उघड्या ठेवणे परवडते. महामार्गावरील वेगात उघड्या खिडक्यांमुळे हवेचा विरोध वाढतो, तेव्हा तेथे काचा बंद असलेल्या बऱ्या.

उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते आणि अंतर शून्य कापते. रेल्वे फाटकापाशी किंवा शाळेच्या दारात इंजिन बंद करावे. सकाळी गाडी तापविण्यासाठी पाच-दहा मिनिटे चालू ठेवण्याची जुनी सवयही आता सोडावयास हरकत नाही. सुरू करून लगेच, परंतु पहिली दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालविली की इंजिन लवकर तापते.

घाटातील न्यूट्रल

इंधन बचतीच्या नावाखाली चालणारा सर्वांत घातक प्रकार म्हणजे घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे. काही चालक तर इंजिनही बंद करतात. या सवयीचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत कार्ब्युरेटर होता. उतारावर गियरमध्ये असलेले इंजिन चाकांच्या रेट्याने जोरात फिरे व तितकेच अधिक पेट्रोल ओढून घेई. न्यूट्रलमध्ये ते मंद फिरे, म्हणून थोडे पेट्रोल वाचत असे. ही समजूत पित्याकडून पुत्राकडे आणि उस्तादाकडून क्लीनरकडे चालत आली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. समजूत निवृत्त झालेली नाही.

आजच्या मोटारींत इंधन इंजेक्शनद्वारे दिले जाते व त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. गाडी गियरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला असेल, तर हे नियंत्रण इंधनाचा पुरवठा सरसकट बंद करते. चाकेच इंजिन फिरवीत असतात. उलट न्यूट्रलमध्ये टाकताच इंजिन बंद पडू नये म्हणून त्यास पुन्हा पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरणारी मोटार गियरमध्ये असेल तर उतारावर तिचा इंधनखर्च जवळजवळ शून्य असतो आणि न्यूट्रलमध्ये असेल तर तो चालू राहतो. ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घातला जातो, ती बचत मुळात होतच नाही.

धोका कोणता, तेही पाहू. गियरमध्ये असताना इंजिन स्वतःच गाडीस मागे खेचून धरते. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो व सारा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटत जाते. ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पायडल तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन वेळा दाबल्यावर संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढल्यास ते कुलूपबंदही होते. माल भरलेल्या ट्रकच्या बाबतीत हे संकट कित्येक पटींनी वाढते, कारण त्याच्या वाटेत सापडणाऱ्या गाड्यांतील माणसांचा काहीच दोष नसतो. महामार्ग पोलीस घाटमाथ्यावर याविषयी चालकांना बजावीत असतात. बोरघाट असो, कसारा, कुंभार्ली किंवा आंबोली असो, ज्या गियरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या एस. टी. चालकांचा दंडक आजही तितकाच ग्राह्य आहे.

मोठ्या वाहनाच्या पाठीस चिकटून त्याच्या आडोशाने गाडी चालविणे हाही असाच प्रकार. हवेचा विरोध त्यामुळे खरोखर कमी होतो; परंतु पुढील ट्रकने ब्रेक मारला असता थांबण्यास जागा उरत नाही.

घरी काय करता येईल?

घरच्या घरी करावयाच्या सुधारणांत पहिले स्थान टायरमधील हवेस दिले पाहिजे. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. तो भरावयाचा दाब नव्हे. गाडी फार चाललेली नसताना, सकाळी, पंधरवड्यातून एकदा दाब तपासावा व स्टेपनी विसरू नये. चारही टायरमध्ये सात-आठ पौंड हवा कमी असेल तर ॲव्हरेज सुमारे दीड टक्क्याने घटते. हा आकडा लहान वाटेल, परंतु कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि तापून फुटतो, ही त्याची खरी किंमत आहे. अधिक बचतीच्या लोभाने प्रमाणाबाहेर हवा भरणेही चूक. टायर मधोमध झिजतो व पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पकड कमी पडते.

दुसरे काम म्हणजे टपावरील कॅरिअर उतरवून ठेवणे. टपावर मोठी पेटी असेल तर महामार्गावर सहा ते सतरा टक्के इंधन जादा लागते, आणि दिवाळीच्या प्रवासासाठी बसविलेले कॅरिअर होळीपर्यंत तसेच मिरविले जाते. डिकीतील अनावश्यक सामानाचे तसे नाही. पंचेचाळीस किलो वजनास सुमारे एक टक्का एवढाच त्याचा परिणाम. तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. इंजिनखाली असलेले प्लॅस्टिकचे आवरण खड्ड्यांत आपटून फुटते किंवा गॅरेजमध्ये काढल्यावर पुन्हा बसविलेच जात नाही. गाडीखालून जाणारी हवा सरळ वाहावी, हा त्याचा एक उपयोग असतो. ते पुन्हा बसवून घ्यावे. हौसेने बसविलेले रुंद टायर मात्र उलट दिशेने काम करतात.

एअर फिल्टरविषयीचा सल्लाही आता बदलावा लागेल. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की इंधन जादा जाई. इंजेक्शनच्या गाडीत नियंत्रण हवेच्या मानाने इंधन कमी करते, त्यामुळे ॲव्हरेज फारसे घटत नाही. गाडीची ओढ मात्र कमी होते. इंजिनच्या रक्षणासाठी फिल्टर वेळेवर बदलावा, पण त्यातून लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील अशी आशा बाळगू नये.

थंड देशांतील काही हौशी मंडळी रेडिएटरसमोरील जाळी पुठ्ठ्याने झाकतात. हवा आत कमी शिरते व विरोध घटतो. आपल्याकडील उन्हात हा प्रयोग इंजिन तापवून मोठ्या खर्चात पाडील.

बाजारात इंधनाच्या नळीस लावावयाची चुंबके, पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणारे संच, टाकीत टाकावयाच्या गोळ्या अशी अनेक साधने विकली जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभरहून अधिक साधनांची तपासणी केली. फारच थोड्यांचा किंचित उपयोग आढळला आणि काहींनी इंजिनास अपाय केला. हायड्रोजनच्या संचाचे तर गणितच जमत नाही. त्यास लागणारी वीज गाडीच्या आल्टरनेटरमधून, म्हणजे पेट्रोल जाळूनच येते, आणि जितकी ऊर्जा घातली त्याहून कमीच परत मिळते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. २०१९ च्या सुधारणेनुसार अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. गाडी मूळ स्थितीत ठेवण्यास अर्थातच कोणाचीही आडकाठी नाही.

मोजमाप

बचत झाली किंवा नाही हे ठरविण्यासाठी एक वही पुरे. पंपावरील नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा लिहावा, आणि पुढील वेळी त्याच पंपावर तशीच टाकी भरून लिटर व अंतर टिपावे. समजा, ४३२ किलोमीटरला २७ लिटर लागले, तर ॲव्हरेज १६ झाले. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. कंपनीच्या जाहिरातीतील आकडा प्रयोगशाळेत, ठरावीक चक्रानुसार व एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्याच्याशी तुलना करून खिन्न होण्याचे कारण नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते व इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, हेही जुन्या नोंदींशी तुलना करताना ध्यानात ठेवावे.

घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणाऱ्या गाडीकडे पाहावे. दहाचे ॲव्हरेज बारावर गेले तर हजार किलोमीटरमागे सुमारे १७ लिटर वाचतात. विसाचे बावीस झाले तर साडेचारच. आणि वहीतील आकडा कारणाशिवाय दोन-तीन टाक्या सतत घसरू लागला, तर प्रवास संपल्यावर हात चाकाजवळ नेऊन पाहावे. एकच चाक इतरांपेक्षा फार तापलेले जाणवले, तर त्याचा ब्रेक अडकून राहिला आहे असे समजून गाडी त्याच दिवशी मेकॅनिककडे न्यावी.